दोन जीबीची पाणपोई

मराठीत ‘निनावी’ हा शब्द फारशा चांगल्या संगतीत वावरत नाही. निनावी पत्र म्हटले की डोळ्यांपुढे येते ती साहेबाच्या टेबलावर पोचलेली चहाडी, नाहीतर ठरलेली सोयरीक मोडायला टाकलेली चिठ्ठी. अक्षर मुद्दाम वेडेवाकडे आणि खाली ‘आपला एक हितचिंतक’. पण हेच नाव न सांगणे दानाच्या वाटेने आले की आपण त्याला गुप्तदान म्हणतो आणि देवस्थानच्या पावतीपुस्तकात आदराने त्याची नोंद करतो. १८४८ साली ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या सहीने शतपत्रे येऊ लागली, तेव्हा ती लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते, आणि त्या टोपणनावाआडून त्यांनी कोरडे ओढले ते प्रामुख्याने आपल्याच समाजावर. म्हणजे नाव झाकण्याशी आपले मुळात वैर नाही. कोण झाकतो आणि कशासाठी, एवढेच आपण बघतो. पंचाईत अशी की ते बघायचे तर आधी नाव उघडे करावे लागते, आणि एकदा उघडे केले की झाकण्याला अर्थ उरत नाही. टॉर नावाचे जे जाळे इंटरनेटवर गेली वीसहून अधिक वर्षे चालू आहे, त्याने ही पंचाईत सोडवली नाही, तिला सरळ बगल दिली. कोण आहे हे कुणालाच पुरते कळू द्यायचे नाही, अगदी जाळे चालवणाऱ्यालासुद्धा.

त्याची मूळ कल्पना १९९०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत निघाली. पॉल सायव्हरसन, मायकेल रीड आणि डेव्हिड गोल्डश्लाग ही त्यामागची नावे. पुढे रॉजर डिंगलडाइन आणि निक मॅथ्यूसन यांच्या साथीने २००२ साली जाळे प्रत्यक्ष सुरू झाले आणि २००६ साली ते चालवणारी विनानफा संस्था उभी राहिली. तुमच्या संगणकातून निघालेला निरोप कांद्यासारखा पापुद्र्यांत गुंडाळला जातो आणि तीन ठिकाणांहून जातो. पहिल्या ठिकाणाला तुम्ही कोण ते कळते, कुठे चाललात ते कळत नाही. तिसऱ्याला कुठे चाललात ते कळते, तुम्ही कोण ते नाही. मधल्याला दोन्ही कळत नाही. तो एक पापुद्रा सोलून पुढे देतो, इतकेच. या ठिकाणांना रिले म्हणतात. असे सात-आठ हजार रिले जगभरचे स्वयंसेवक स्वतःच्या खर्चाने चालवतात, आणि त्यांतले पुष्कळसे जर्मनी आणि अमेरिका या दोन देशांत एकवटले आहेत. नौदलाने हे सगळ्या जगाला खुले का करू दिले याचे उत्तर दयाबुद्धीत शोधू नये. फक्त नौदलानेच वापरले असते, तर जाळ्यातून बाहेर पडणारा प्रत्येक जण नौदलाचाच, हे शेंबडे पोरही सांगू शकले असते. लपायला गर्दी लागते, आणि गर्दीत परके असावे लागतात. त्यामुळे टॉरमध्ये परोपकार ही वरून घातलेली शोभा नाही. बांधकामाचा भारच त्यावर आहे.

आता प्रश्न असा की ज्याच्याकडे इंटरनेट म्हणजे फक्त मोबाइलचे नेट आहे, त्याने या गर्दीत उभे राहावे का, आणि राहायचे तर कुठे. भारतात हा प्रश्न हौशी नाही. आपल्याकडे बहुसंख्यांना नेट भेटले तेच मुळी सिमकार्डातून. घराच्या भिंतीतून आलेली तार ही अजूनही शहरी सुखवस्तूंची गोष्ट. तेव्हा एखाद्या कॉलेजातल्या पोराला टॉरविषयी वाचून उत्साह आला, तर त्याच्या हाताशी असते काय? कप्प्यात पडलेला एक जुना फोन, अठ्ठावीस दिवसांचे रिचार्ज आणि रोजचे दोन जीबी. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. या सामग्रीवर पूर्ण रिले चालवण्याचा हट्ट धरू नये. तो जमत नाही, आणि ओढूनताणून जमवला तर ज्यांच्यासाठी जमवला त्यांनाच जाचतो. पण याच सामग्रीतून एक वेगळी, धाकटी सेवा देता येते आणि ती खरोखर उपयोगाची आहे. त्यातही नवल असे, की मोबाइल-नेटचे जे दोष पहिल्या कामात आडवे येतात, त्यांतलेच काही दुसऱ्या कामात उपयोगी पडतात.

आधी हिशेब. रिले चालवू इच्छिणाऱ्यांना टॉरचे सांगणे असे, की जोडणी दोन्ही बाजूंनी सेकंदाला निदान १६ मेगाबिट असावी, आणि महिन्याला निदान १०० जीबी बाहेर पाठवण्याची व तेवढेच आत घेण्याची तयारी असावी. १६ मेगाबिट म्हणजे सेकंदाला २ मेगाबाइट. रिलेचा धर्म असा की आत आलेले सगळे बाहेर द्यायचे. पोटात काही ठेवायचे नाही. त्यामुळे त्याचा डेटा दोनदा मोजला जातो, येताना एकदा आणि जाताना एकदा. सेकंदाला ४ मेगाबाइट या चालीने दोन जीबी ५०० सेकंदांत संपतात. आठ मिनिटे आणि वर वीस सेकंद. आधण ठेवून, चहा उकळून, गाळून कपात पडेपर्यंत त्या दिवसाचा कोटा खलास, आणि मग मध्यरात्रीपर्यंत गोगलगाईच्या वेगाने सरपटणे. महिन्याचे बघावे तर अठ्ठावीस दिवसांचे मिळून ५६ जीबी, आणि गरज दोन्ही बाजू मिळून २०० जीबींची. पावाहून जरा जास्त. त्यात मोबाइलची रचनाच घेणाऱ्याच्या सोयीची आहे. उतरवून घ्यायला रुंद रस्ता आणि वर पाठवायला बोळ. रिलेची चाल मात्र ठरते ती बोळावरून. कुणी म्हणेल, आता फाइव्ह-जीवर डेटा अमर्याद मिळतो की! मिळतो, पण ‘अमर्याद’ या शब्दाच्या डोक्यावर एक छोटी चांदणी असते आणि तळाशी बारीक अक्षरात वाजवी वापराची अट. ती वाचली की शब्द आटतो.

डेटाची अडचण पैशाने सुटण्यासारखी आहे. पत्त्याची तशी नाही. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते मुळात सुमारे ४.३ अब्ज. जागतिक पातळीवरचा त्यांचा साठा २०११च्या फेब्रुवारीत वाटून संपला आणि दोनच महिन्यांत आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचाही तळ दिसला. भारतात मोबाइल-नेटची खरी लाट आली ती २०१६च्या सप्टेंबरनंतर, म्हणजे कोठार रिकामे झाल्यावर. जेवायला कोट्यवधी आणि पाने मोजकी, तेव्हा कंपन्यांनी पंगतीची पद्धत बदलली. शेकडो ग्राहकांमागे बाहेरचा एकच पत्ता ठेवायचा आणि आत प्रत्येकाला खासगी क्रमांक द्यायचा. या कामासाठी २०१२ साली १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा एक पट्टाच वेगळा काढून दिला गेला. कुणीही आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये शिरून बघावे. पुष्कळांना तिथे या पट्ट्यातला किंवा दहापासून सुरू होणारा आकडा दिसेल, आणि ‘माझा पत्ता काय’ असे एखाद्या वेबसाइटला विचारले तर ती भलताच आकडा सांगेल. चाळीसारखे आहे हे. चाळीचा पत्ता एक, बिऱ्हाडे शंभर, आणि दारात एक पहारेकरी. कुठल्या खोलीतून कुणाला पत्र गेले ते तो ध्यानात ठेवतो आणि उत्तर आले तर बरोबर त्या खोलीत पोचवतो. पण अनोळखी माणूस दारात येऊन उभा राहिला, तर त्याला कुठल्या खोलीत न्यायचे हे पहारेकऱ्याला ठाऊक नसते. तो त्याला परत पाठवतो. आणि रिलेचे सारे काम म्हणजे अनोळखी माणसांनी वेळी-अवेळी येऊन कडी वाजवणे. फोनला नव्या पद्धतीचा, आयपीव्ही-सिक्सचा स्वतंत्र पत्ता बहुधा मिळालेला असतो, पण तेवढ्यावर टॉर रिलेची नोंद होत नाही. प्रत्येक रिलेला इतर प्रत्येकाशी बोलता आले पाहिजे, म्हणून जुन्या पद्धतीचा बाहेरून गाठता येईल असा पत्ता लागतोच. यावर एक तोड काढतात, ती अशी की बाहेर भाड्याचा सर्व्हर घ्यायचा आणि त्याच्यापासून फोनपर्यंत बोगदा खणायचा. पण भाड्याचा सर्व्हर घेतलाच, तर रिले त्याच्यावरच का चालवू नये? फोनला मध्ये घालणे म्हणजे घराशेजारी नळ असताना ओढ्यावरून पाणी आणणे.

तरीही समजा सगळे जमले. कुणी कंपनीकडून जादा पैसे मोजून बाहेरचा पत्ता मिळवला, मोठे रिचार्ज केले, फोन चार्जरला कायमचा बांधला. तिसरी अडचण तेव्हा पुढे येते, आणि मला ती सगळ्यांत विचार करण्याजोगी वाटते, कारण तिचा संबंध वेगाशी नाही, विश्वासाशी आहे. टॉर वापरणारा माणूस आपले पहिले ठिकाण, म्हणजे त्याचा ‘गार्ड’, एकदा निवडतो आणि महिनोन् महिने तोच धरून ठेवतो. वरवर हे उलटे वाटते. लपायचे तर रोज नवी वाट धरावी ना! पण रिले चालवणाऱ्यांत काही हेरही असणार, हे गृहीत धरून बघा. रोज नवा दरवाजा निवडणारा आज ना उद्या हेराच्या दरवाज्यात शिरणारच. एकच दरवाजा धरून ठेवणाऱ्याचा तो पहिला कौल चांगला लागला, तर तो पुढे बराच काळ सुरक्षित राहतो. म्हणून टॉरमध्ये स्थैर्य हे गुप्ततेचेच अंग आहे. बोगद्यात गाडी शिरल्यावर ज्याची रेंज जाते, किंवा विमान-मोड एकदा चालू-बंद केला की ज्याचा पत्ता पालटतो, असा रिले गार्ड झाला, तर तो आपल्या आश्रिताला पुन्हा पुन्हा कौल लावायला भाग पाडेल. नुसता मधला रिले झाला, तरी दर खेपेला तो गेला की त्याच्यातून जाणाऱ्या सगळ्या साखळ्या तुटणार. कुणाची अर्धी उतरलेली फाइल, कुणाचे चाललेले संभाषण. जाळे हे ओळखून आहे. मोजक्या विश्वासू यंत्रांचे मंडळ दर तासाला सगळ्या रिलेंची यादी ठरवते आणि सतत उभा राहणाराच गार्ड होतो. नव्याला तर पहिले काही आठवडे उमेदवारीच करावी लागते. पण ती यादी तीन तासांपर्यंत ग्राह्य धरली जाते, तेव्हा फोन गाडीत बसून बोगद्यात गेला तरी यादीत त्याचे नाव राहते आणि लोक बंद दारावर थापा मारत राहतात.

आपल्याकडे वैशाखात रस्त्याच्या कडेला पाणपोया लागतात. मांडवाखाली वाळूत बसवलेले दोन रांजण, त्यांना गुंडाळलेले ओले लाल फडके, वर लाकडी झाकण आणि साखळीने बांधलेला पेला. अशी पाणपोई चार दिवस उघडी आणि तीन दिवस कोरडी असेल, तर ती नसल्यापेक्षा वाईट असते. वाटसरूने तिच्या भरवशावर घरून बाटली घेतलेली नसते. देणाऱ्याचा हेतू चांगला होता, हे कळल्याने त्याचा घसा ओला होत नाही. स्वयंसेवेविषयी आपल्याकडे एक भाबडी समजूत आहे की फूल ना फुलाची पाकळी, जे असेल ते द्यावे, घेणाऱ्याचे भलेच होते. पूजेत ते खरे असेल. यंत्रांच्या साखळीत प्रत्येक कडीवर पुढच्याचा भार येतो, आणि तिथे आपल्या ताकदीविषयी खोटा अंदाज देणारी कडी उदार ठरत नाही, धोक्याची ठरते. म्हणून मोबाइलवाल्याने विचारायचा प्रश्न ‘मी किती देऊ शकतो’ हा नाही. मी अचानक गेलो तर कुणाचे काय बिघडेल, हा आहे. बिघडत असेल तर ते काम आपले नव्हे. काही बिघडणार नाही, अशी रचना कुणी केली असेल, तर तिथे जरूर उभे राहावे.

तशी रचना झालेली आहे. तिचे नावच स्नोफ्लेक, हिमकण. हातावर पडेपडेतो विरघळणारा. टॉर ब्राउझरच्या स्थिर आवृत्तीत ती २०२१च्या जुलैमध्ये आली. ज्या देशांत टॉरकडे जाण्याची वाटच अडवलेली असते, तिथल्या माणसाला पहिले पाऊल टाकायला तात्पुरता पाट मिळवून द्यायचा, एवढेच तिचे काम. डिसेंबर २०२१मध्ये रशियाने टॉर अडवले. सप्टेंबर २०२२मध्ये पोलिसांनी पकडलेल्या महसा अमिनी या तरुणीच्या मृत्यूनंतर इराण पेटला आणि तिथल्या सरकारने नेटची मुस्कटदाबी केली. दोन्ही वेळा या हिमकणांनी मोठा भार उचलला. यात स्वयंसेवकाला सर्व्हर लागत नाही; ब्राउझरमध्ये एक विस्तार बसवला, किंवा फोनवर ऑर्बट नावाच्या ॲपमधला ‘काइंडनेस मोड’ चालू केला, की पुरे. चाळीच्या पहारेकऱ्याची अडचण येथे मोठ्या शिताफीने चुकवली आहे. बाहेरून कुणी कडी वाजवायला येतच नाही. तेहरानमधला माणूस आणि धुळ्यातला फोन, दोघेही आपापल्या चाळीतून स्वतः बाहेर निरोप पाठवतात. एक दलाल-सर्व्हर दोघांना एकमेकांचा ठावठिकाणा सांगतो, आणि दोन्ही पहारेकऱ्यांना वाटते की हे आपल्याच बिऱ्हाडकरूने मागवलेले उत्तर आहे. तंत्र तेच, जे ब्राउझरमधल्या व्हिडिओ कॉलला वापरतात; त्यामुळे वरून बघणाऱ्यालाही तो व्हिडिओ कॉलसारखाच भासावा, अशी योजना आहे. आणि धुळ्यातला फोन मध्येच रेंजबाहेर गेला तर? तेहरानवाल्याचे संभाषण तुटत नाही. त्याचे सूत्र पलीकडच्या कायमस्वरूपी ‘पुला’ने, म्हणजे टॉरमधल्या त्याच्या पहिल्या ठिकाणाने, धरून ठेवलेले असते. ॲप चटकन दुसरा हिमकण शोधते आणि वाचणारा वाचत राहतो. हिमकण केव्हाही नाहीसा होईल, हे आराखड्यात पहिल्या ओळीपासून धरलेले आहे.

मोबाइलचा पालटता पत्ता रिलेच्या कामात अवगुण होता, इथे तो गुण होतो. सरकारी चाळणी चालवणाऱ्याला अडवायचे पत्ते यादीत लिहावे लागतात, आणि सकाळी लिहिलेला पत्ता संध्याकाळी निरुपयोगी झाला तर त्याची लेखणी झिजते. एका पत्त्याआड शेकडो निरपराध ग्राहक असल्याने तो अडवायला सरकार बिचकेल, असाही युक्तिवाद कधी ऐकू येतो. तो मात्र मला पटत नाही. धुळ्याच्या ग्राहकांवाचून इराणच्या सरकारचे काय अडणार आहे! खरे बळ आहे ते संख्येचे आणि चंचलतेचे.

इथे एक खोच आहे आणि ती टाळून पुढे गेलो तर मोबाइलची बाजू उगाच गोड केल्यासारखे होईल. सगळे पहारेकरी सारखे नसतात. घरच्या राउटरचा पहारेकरी बहुधा सैल असतो. मोबाइल कंपन्यांचा बऱ्याचदा कडक, दर नव्या पत्रासाठी नवी खिडकी उघडणारा. दोन्ही टोकांना कडक पहारेकरी असले तर गाठ पडतच नाही. म्हणजे आपल्या मोबाइलवाल्याला नेमका तो माणूस सांभाळता येत नाही जो त्याच्याचसारखा मोबाइलवर अडकलेला आहे, आणि मुस्कटदाबीच्या देशांत मोबाइलवाले कमी नसतात. मग त्याचा उपयोग काय? दलाल-सर्व्हरच्या वाटणीत त्याचे उत्तर आहे. ज्यांची बाजू सैल आहे अशा मागणाऱ्यांना तो मुद्दाम कडक बाजूचे हिमकण देतो, म्हणजे सैल बाजूचे, संख्येने थोडे असलेले हिमकण अडलेल्यांसाठी राखून ठेवता येतात. लग्नघरात पाने वाढायला येत नसतील अशा पाहुण्याने निदान पाटपाणी मांडावे, म्हणजे वाढणारे हात मोकळे राहतात, तसा हा प्रकार. दुय्यम काम आहे, पण कुणीतरी करण्याजोगे आहे. ऑर्बटच्या सेटिंगमध्ये ‘फक्त वाय-फायवर’ आणि ‘फक्त चार्जिंगवर’ अशा दोन खुणा आहेत, त्यांवरून बनवणाऱ्यांचाही कल कळतो. फोनची बॅटरी आणि डेटा ही माणसाच्या दिवसाची शिदोरी आहे, ती संपवून परोपकार करू नये. पण ज्याच्या रोजच्या दोन जीबींतला पाऊण जीबी मध्यरात्री न वापरता वाया जातो, त्याने रात्री दहानंतर चार्जरला लावलेला फोन या कामाला जुंपला तर कुणाच्या तोंडचे काही जात नाही.

आता गंभीर आक्षेप, जो कुणीही पहिल्यांदा घेईल. या जाळ्यातून गुन्हेगार जातात. जातात. २०१३ साली अमेरिकी पोलिसांनी बंद केलेला ‘सिल्क रोड’ हा अमली पदार्थांचा बाजार टॉरवरच उभा होता, आणि मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रे हाताळणारेही याच आडोशाला बसतात. याला ‘चाकूने भाजीही कापतात’ छापाचे उत्तर देणे मला पळवाट वाटते, कारण बळी पडलेल्या मुलाला त्या उत्तराने काहीच मिळत नाही. मी एवढेच म्हणेन की दारात नाव विचारल्याने काय साधते, याचा आपल्या समाजाला फार जुना आणि कडू अनुभव आहे. आपल्याकडे नाव म्हणजे आडनाव, आणि आडनाव म्हणजे जात. पाणपोईवरच्या ब्राह्मणाने ओंजळीत उंचावरून पाणी ओतावे की न ओतावे, हे ठरायचे ते नाव विचारूनच. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ साली झाला, महाडच्या नगरपालिकेनेही तसेच ठरवले, आणि तरी २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याची ओंजळ भरायला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारोंचा समुदाय घेऊन जावे लागले. नाव विचारण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, तो त्याचा वापर चोर शोधण्यापुरता ठेवत नाही. टॉर वापरणाऱ्यांतले बहुसंख्य लोक नेहमीच्याच वेबसाइटी उघडतात. केवळ टॉरच्या आतच भेटणाऱ्या, ज्यांना ‘डार्क वेब’ म्हणतात त्या जागांकडे वाहतुकीचा लहानसा भागच जातो. आणि गुन्हेगार पकडले गेले ते जाळे उसवून नव्हे, तर बहुतेक वेळा त्यांच्या स्वतःच्या गबाळेपणाने, पैशाच्या मागाने, किंवा साध्या पोलिसी चिकाटीने. सिल्क रोडचा चालक सार्वजनिक वाचनालयात लॅपटॉप उघडून बसलेला असताना हाती लागला. पोलिसांना काम करण्याचे इतर मार्ग उरतात. ज्याच्या देशात वर्तमानपत्र वाचणे हाच गुन्हा आहे, त्याला दुसरा मार्ग उरत नाही.

गुन्ह्याचे बालंट स्वयंसेवकावर येईल का, हा त्याच आक्षेपाचा व्यवहारी धाकटा भाऊ. तिसऱ्या ठिकाणच्या, म्हणजे एक्झिट रिलेवाल्याच्या बाबतीत ही भीती खरी आहे; वेबसाइटला दिसतो तो पत्ता त्याचा असतो. ऑस्ट्रियात २०१४ साली अशाच एकाला दुसऱ्याच्या वाहतुकीपायी दोषी ठरवून स्थगित शिक्षा झाली. सिम आपल्या ओळखपत्राशी बांधलेले असताना मोबाइलवर एक्झिट चालवण्याचा विचारही करू नये, इतके मी स्पष्ट म्हणेन. हिमकणाचे तसे नाही. त्याच्याकडून निघालेले पुढे टॉरच्या पुलाकडेच जाते, आणि तिथून आणखी दोन ठिकाणे फिरून बाहेर. कुठल्याही वेबसाइटच्या वहीत धुळ्याचा पत्ता उमटत नाही. मोबाइल कंपनीला मात्र हा फोन टॉरच्या पुलाशी बोलतो आहे, हे दिसू शकते. टॉरचे नाव घेऊन त्यावर बंदी घालणारा कायदा भारतात नाही. पण सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनी व्हीपीएन पुरवणाऱ्यांना ग्राहकांची नावे-पत्ते पाच वर्षे जपून ठेवायला सांगितले आणि बऱ्याच परदेशी कंपन्यांनी आपले सर्व्हर इथून हलवले, यावरून वारे कुठल्या दिशेचे आहे ते कळते. ऑगस्ट २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने सांगितले, तेही याच देशात. या दोन टोकांच्या मधल्या जागेत उभे राहायचे की नाही, हे ज्याने त्याने आपली नोकरी, आपले घर आणि आपला स्वभाव बघून ठरवावे. न राहणाऱ्याला भित्रा म्हणण्याचा कुणालाच हक्क नाही.

उलट बाजूचाही एक आक्षेप आहे आणि त्याकडे सहसा दुर्लक्ष होते: स्वयंसेवकच हेर निघाला तर? हिमकणाला पलीकडच्या माणसाचा पत्ता दिसतो. तो काय वाचतो ते दिसत नाही, पण तो टॉरकडे चालला आहे, हे कळते. एखाद्या सरकारने स्वतःच हजार हिमकण पेरले, तर आपल्या नागरिकांची एक यादी त्याला जमवता येईल. याला पक्के उत्तर नाही. उतारा एकच, आणि तो पुन्हा गर्दीचाच. पेरलेल्या हजारांच्या शेजारी बिनहेतूचे लाखभर असले, तर यादी विरळ होत जाते. धुळ्याच्या त्या फोनचे मोल त्याने वाहून नेलेल्या मेगाबाइटांपेक्षा इथे अधिक आहे. हेराची जागा तो नुसत्या उपस्थितीने अडवून धरतो.

आणि आपल्या स्वतःच्या उपयोगाचे काय, असे कुणी विचारले तर प्रामाणिक उत्तर निराश करणारे आहे. आपल्याकडे जाच होतो तो बहुधा चाळणीने नव्हे, टाळ्याने. ५ ऑगस्ट २०१९ला काश्मीरचे नेट गेले. जानेवारी २०२०मध्ये टू-जी परतले तेही ठरावीक वेबसाइटींपुरते, आणि फोर-जी यायला फेब्रुवारी २०२१ उजाडले. २०२३च्या मे महिन्यानंतर मणिपूरही कित्येक महिने असेच बंद होते. तारच कापली तर पाट टाकायचा कुठे? हिमकण तेथे पडत नाही. त्यामुळे भारतातल्या फोनवरून होणारी ही मदत जवळजवळ सगळी परक्यांच्या कामी येते, ज्यांची भाषा आपल्याला कळत नाही आणि ज्यांच्या भांडणात आपण पक्षकार नाही. नौदलाने शोधलेल्या त्या गणिताला असेच परके हवे होते.

ब्राउझरमधल्या विस्ताराच्या जांभळ्या चिन्हावर टिचकी मारली की एक ओळ उघडते: गेल्या चोवीस तासांत तुमच्या हिमकणाने इतक्या जणांना मदत केली. नाव नाही, गाव नाही, आभार नाहीत. मोबाइलवरून चालवणाऱ्याला तो आकडा पुष्कळदा शून्यच दिसतो, एखाद्या रात्री दोन, एखाद्या रात्री सात. पुढचे चोवीस तास उलटले की तोही पुसला जातो आणि मोजणी नव्याने सुरू होते.